आधी परीक्षण, मग प्राशन

सुवर्णप्राशनाच्या निमित्ताने दर पुष्य नक्षत्रास, म्हणजे सुमारे सत्तावीस दिवसांनी, तीच बालके पुन्हा पुन्हा आपल्या चिकित्सालयात येतात. भंडारा जिल्ह्यातील वैद्यांसही हा अनुभव नवा नाही. निरोगी बालकाची अशी नियमित भेट अन्य चिकित्सकांच्या वाट्यास क्वचितच येते. परंतु रांग लांब असते, थेंब दिला जातो, पुढच्या तारखेचे कार्ड हाती पडते आणि बालक मातेच्या कडेवरूनच परत जाते. ते भुईवर कसे हलते, हे पाहायचे राहून जाते. ही संधी दवडणे आपल्या शास्त्रास शोभणारे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या काश्यपसंहितेच्या आधारे आपण सुवर्ण चाटवतो, तिच्याच लेहाध्यायात लेह कोणास द्यावा व कोणास देऊ नये याचाही विचार आहे. आधी परीक्षण, मग प्राशन हा क्रम संहितेचाच आहे. एक वर्षाचे होऊनही पायांनी न चालणाऱ्या बालकास त्याच ग्रंथात फक्क म्हटले असून, औषधींबरोबरच तीन चाकांच्या फक्करथाच्या आधाराने हळूहळू चालण्याचा अभ्यास सांगितला आहे. औषध आणि हालचाल यांची सांगड आपणांस परकी नाही.

आधुनिक बालवैद्यक याच विषयाकडे आद्य प्रतिक्षिप्त क्रियांच्या वाटेने जाते. मान किंचित मागे पडताच नवजात बालक दचकून दोन्ही हात फाकवते व पुन्हा जवळ घेते. ही मोरो क्रिया होय. तळहातावर बोट ठेवताच ते घट्ट धरते. मान एका बाजूस वळली की त्या बाजूचे हातपाय ताठ होतात व दुसऱ्या बाजूचे दुमडतात. मेंदूची वाढ होते तशा या क्रिया साधारणतः चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत मावळतात आणि ऐच्छिक हालचालींना वाट मिळते. अकाली जन्मलेल्या बालकाचे वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. सहा महिन्यांनंतरही या क्रिया ठळकपणे टिकल्या, मुठी सतत मिटलेल्या राहिल्या, मान धरली नाही किंवा बालक एकच हात वापरू लागले, तर मेंदूच्या विकाराची शंका घ्यावी. ‘बसेल हळूहळू’ अशी समजूत घालून त्यास परत पाठवू नये.

दचकण्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. तीन महिन्यांपासून वर्षापर्यंतचे बालक, विशेषतः झोपेतून उठल्यावर, काही कारण नसता लागोपाठ मान व हात झुकवत असेल, तर ते दचकणे किंवा पोटदुखी नसून अपस्माराचा एक घातक प्रकार असू शकतो. उपचारास जितका विलंब, तितकी बुद्धीची हानी अधिक. असे बालक त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे गेले पाहिजे.

शालेय मुलांच्या वाचनातील अडचणींचे मूळ न मावळलेल्या प्रतिक्षिप्त क्रियांत शोधून व्यायाम शिकवणारेही आहेत. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये उत्तर आयर्लंडमधील ६० मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ठरावीक हालचालींचा वर्षभर सराव केलेल्या मुलांचे वाचन त्यात सुधारलेले दिसले. ही गोष्ट आशादायक खरी. परंतु एवढ्या लहान अभ्यासावर बुद्धिवर्धनाची हमी देऊन शुल्क आकारणे गैर होय. लंगडी, फुगडी, सूर्यनमस्कार जरूर सांगावेत. मात्र त्यामुळे दृष्टी, श्रवण व अध्ययन-अक्षमतेची तपासणी टळू नये.

तान्ह्या बालकास तर मोकळी भुई हवी. रोवणीच्या दिवसांत माता बांधीत राबते आणि बालक झोळीत राहते. तिला दोष न देता, बालक जागे असताना, कोणाच्या तरी नजरेखाली, दिवसातून काही वेळा त्यास पालथे ठेवण्यास सांगावे. अभ्यंगानंतरची वेळ यासाठी सोयीची असते.

औषधविक्रेत्या बंधूंसही एक विनंती आहे. ‘मूल मंद आहे, बुद्धीचे औषध द्या’ असे म्हणत पालक आले, तर मेध्य औषधाची बाटली पुढे करण्यापूर्वी मूल किती महिन्यांचे आहे व ते बसते का, एवढे अवश्य विचारावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारी व औषधनिर्माते यांनाच स्थान आहे, आणि शंकास्पद बालकांसाठी जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. तेव्हा हे काम आपल्या कक्षेबाहेरचे म्हणता येणार नाही.

येत्या पुष्य नक्षत्रास प्रत्येक चिकित्सालयात एक सतरंजी अंथरावी. वर्षाखालील प्रत्येक बालकास दोन मिनिटे तीवर ठेवून मान, मुठी, वळणे व बसणे या चार गोष्टींची नोंद कार्डावर करावी. शंका वाटल्यास चिठ्ठी देऊन पुढे पाठवावे आणि पुढच्या भेटीत ते बालक तेथे गेले की नाही, याची विचारपूस करावी. सुवर्णाचा थेंब त्यानंतर खुशाल द्यावा.