मते कोणी कोणाची खाल्ली?

अमेरिकेच्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडामध्ये बुश यांनी गोर यांच्यावर अवघ्या ५३७ मतांनी मात केली. तिसरे उमेदवार राल्फ नाडर यांना तेथे ९७ हजारांवर मते पडली होती. पराभवाचे खापर त्यांच्याच माथी फुटले. २००९च्या लोकसभा निकालानंतर महाराष्ट्रात हेच दूषण मनसेच्या वाट्याला आले.

नाशिकचा निकाल मात्र या आरोपात बसत नाही. तेथे राष्ट्रवादी काँग्रेसचे समीर भुजबळ विजयी झाले आणि मनसेचे हेमंत गोडसे सुमारे २२ हजार मतांनी मागे पडले. तिसऱ्या क्रमांकावर गेली ती युतीची शिवसेना! मग कोणी कोणाची मते खाल्ली? मराठी विरुद्ध उत्तर भारतीय अशी हिंदू समाजातच फूट पाडणारे मनसेचे तेव्हाचे राजकारण निषेधार्हच होते. परंतु मतदार तिकडे का वळला, याचा शोध युतीच्या धुरिणांनी घ्यायला हवा होता. मतदार म्हणजे काही वडिलोपार्जित शेत नव्हे.

२०१२मध्ये नाशिक महापालिकेत मनसेने १२२पैकी ४० जागा जिंकल्या आणि तिचा महापौर झाला तो भाजपच्याच पाठिंब्याने! २०१४मध्ये तेच गोडसे शिवसेनेचे उमेदवार झाले व छगन भुजबळ यांना त्यांनी पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी हरवले. मोदी लाट होती, हे खरेच. पण दुभंगलेली मतेही एकवटली होती. २०१७मध्ये नाशिककरांनी महापालिकेत भाजपला ६६ जागा दिल्या. मनसेकडे उरल्या पाच.