पाटीवर मावणारी पलटण

मोटारीच्या क्रमांकाची पाटी ही 'संहिता' म्हणून वाचावी असे कुणी वर्गात सुचवले तर हशाच पिकेल. परंतु २०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात ज्या प्रश्नाचा निकाल लावला, तो आपल्या अभ्यासातला जुनाच प्रश्न होता: समोर लिहिलेले हे वाक्य नेमके कुणाचे?

टेक्सास राज्यात जादा शुल्क भरून गाडीमालकाला विशेष पाटी घेता येते. क्रमांकाच्या शेजारी कुणाचे विद्यापीठ, कुणाचे आवडते शीतपेय, कुणाची गोल्फची हौस. खटल्याच्या वेळी अशा पाट्यांचे साडेतीनशेहून अधिक प्रकार होते. एखादी संस्था नमुना सादर करते, मोटार-वाहन विभागाचे मंडळ लोकांची मते मागवते आणि मंजुरी देते. कुणाचेही मन दुखावू शकेल असा नमुना नाकारण्याचा अधिकार कायद्याने या मंडळाला दिलेला आहे.

१० नोव्हेंबर २०११ रोजी या मंडळापुढे सैनिकांच्या गौरवाचे दोन प्रस्ताव आले. पहिला होता यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्यांच्या वंशजांचा. त्यांच्या पाटीवर कॉन्फेडरेट ध्वज होता. मंडळाने तो एकमताने फेटाळला. दुसरा 'बफेलो सोल्जर्स'चा, म्हणजे यादवी युद्धानंतर उभारलेल्या कृष्णवर्णीय पलटणींचा. त्यालाही विरोध झाला. घोडदळाचा हा गणवेश पाहिला की आम्हांला आमच्या लोकांचा संहार आठवतो, अशा आशयाचा आक्षेप मूलनिवासींच्या एका संघटनेच्या नेत्याने घेतला. तरीही पाच विरुद्ध तीन मतांनी ती पाटी मंजूर झाली.

ध्वजवाले न्यायालयात गेले. १८ जून २०१५ रोजी पाच विरुद्ध चार अशा बहुमताने निकाल लागला की, पाटीवरचा मजकूर हे सरकारचे बोलणे आहे आणि काय बोलायचे हे सरकार ठरवू शकते. (आदल्याच रात्री चार्ल्सटनच्या एका चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली होती. निकाल अर्थातच आधी लिहिलेला होता, पण तो वाचताना ही तारीख मनातून पुसता येत नाही.) न्यायमूर्ती अलिटो यांनी भिन्नमतपत्रात एक मिस्किल चित्र रेखाटले आहे. महामार्गाच्या कडेला खुर्ची टाकून बसा आणि जाणाऱ्या पाट्या वाचा. ही सगळी मते टेक्सास सरकारची आहेत असे तुम्हांला खरेच वाटेल का? दुखावण्याचा निकष मंडळ सर्वांना सारखा लावत नाही, हे दाखवण्यासाठी त्यांनी बफेलो सोल्जर्सच्या पाटीचाच दाखला दिला.

माझे मत बहुमताच्या बाजूचे आहे, पण माझे कारण वेगळे आहे. न्यायालयाने या निर्णयाने सरकारला नकाराचा अधिकार दिला एवढेच बहुतेकांनी पाहिले. मला त्यात होकाराची जबाबदारी दिसते. पाटी सरकारचे वाक्य असेल, तर 'आम्ही फक्त लोकांच्या भावनेला जागा दिली' ही पळवाट बंद होते. ध्वज नाकारून टेक्सास काय म्हणाले ते स्पष्ट आहे. पण 'बफेलो सोल्जर' हे दोन शब्द पत्र्यावर उठवून ते काय म्हणाले?

या पलटणी १८६६ साली काँग्रेसने कायदा करून उभारल्या. घोडदळाची ९वी आणि १०वी त्यांतल्याच. पायदळाच्या चारांचे पुढे विलीनीकरण होऊन २४वी आणि २५वी उरल्या. कालपर्यंत गुलाम असलेली माणसे निळा गणवेश घालून टेक्सासच्या माळावर आली. अधिकारी जवळपास सगळे गोरे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना ती अर्पण केली. त्याच वर्षी ९वी घोडदळ पलटण टेक्सासच्या सीमेवर तैनात होती. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेतले मुक्त गुलाम त्या वेळी काय करत होते, या प्रश्नाचे एक उत्तर असे की, त्यांतले काही दुसऱ्या एका समाजाला त्याच्या भूमीवरून हुसकावणाऱ्या सैन्यात नोकरी करत होते. १८८० साली १०व्या पलटणीने पश्चिम टेक्सासमधले पाणवठे अडवून धरले. उद्देश हा की अपाची नेता व्हिक्टोरिओ आणि त्याच्या माणसांना पाणी मिळू नये. तहानेचे हे युद्ध यशस्वी झाले.

आणि ज्यांनी ते यशस्वी केले, त्यांचे काय झाले? वेस्ट पॉइंटमधून पदवी घेणारा पहिला कृष्णवर्णीय अधिकारी हेन्री फ्लिपर या मोहिमेत होता. पुढच्याच वर्षी फोर्ट डेव्हिस येथे त्याच्यावर लष्करी खटला चालला. अपहाराच्या आरोपातून सुटला, पण अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या वर्तनाचा ठपका ठेवून १८८२ मध्ये त्याला बडतर्फ केले गेले. राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली ती १९९९ मध्ये. १९०६ मध्ये ब्राउन्सव्हिल येथे झालेल्या गोळीबारावरून २५व्या पलटणीच्या १६७ जणांना खटल्याविना काढून टाकले गेले. १९७२ मध्ये लष्कराने तो निर्णय फिरवला. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ह्यूस्टन शहरातल्या पोलिसांच्या मारहाणीनंतर २४व्या पलटणीच्या सैनिकांनी बंड केले, लोक मेले, आणि लष्करी न्यायालयांनी ११० जणांना दोषी ठरवले. त्यांपैकी तेरा जणांना ११ डिसेंबरच्या पहाटे, अपिलाची संधी न देता, सॅन अँटोनियोजवळ फाशी दिली गेली. फाशी गेलेल्यांची एकूण संख्या एकोणीस.

फोर्ट डेव्हिस, ब्राउन्सव्हिल, ह्यूस्टन ही तिन्ही ठिकाणे टेक्सासमधली. गौरवाची पाटी काढणारे राज्यही तेच. २०११ साली मंडळाने हात वर केले तेव्हा ह्यूस्टनच्या ११० जणांची शिक्षा कागदावर जशीच्या तशी होती.

म्हणून पाटी काढायलाच नको होती, असे मी म्हणत नाही. त्या मंडळात असतो तर मीही होकारच दिला असता. ज्या समाजाला रस्त्यावर मारहाणच मिळाली, त्याच्या पूर्वजांचे नाव त्याच रस्त्यावर सरकारी शिक्क्यानिशी फिरावे, यात न्यायाचा अंश आहे. माझी तक्रार आहे ती या वाङ्मयप्रकाराबद्दल. पाटीला दुसरे वाक्य नसते. 'परंतु' हा शब्द तिच्यावर मावत नाही. अपाचींचा पाणवठा आणि सॅन अँटोनियोचा वधस्तंभ, दोन्ही पत्र्याबाहेर राहतात आणि उरतो तो घोड्यावरचा देखणा सैनिक. आक्षेप घेणाऱ्या मूलनिवासी नेत्याला सभेत उत्तर द्यावे लागत नाही, कारण मते मोजली की उत्तर मिळालेच. दुखावलेल्यांची संख्या कमी असली की दुखणे कमी ठरते, हा निकष साहित्याच्या माणसांना तरी मान्य होऊ नये.

नोव्हेंबर २०२३ मध्ये लष्कराने त्या ११० जणांच्या शिक्षा रद्द केल्या. सॅन अँटोनियोतल्या फोर्ट सॅम ह्यूस्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्यांतल्या सतरा जणांच्या कबरी आहेत. त्यांच्या दगडांवर आतापर्यंत फक्त नाव आणि मृत्यूची तारीख होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते दगड बदलले. नव्या दगडांवर प्रत्येकाचा हुद्दा आहे आणि पलटणीचे नाव आहे.