नेम कुणाचा, मदत कुणाची?

संध्याकाळी मुलांच्या खोलीतून बंदुकांचे आवाज येत असतात आणि मधूनच एक आरोळी ऐकू येते, ‘‘दादा, हे चीटिंग आहे! तुला गेमच नेम धरून देतोय!’’ स्वयंपाकघरातून आई दटावते, ‘‘भांडू नका रे, नाहीतर बंद करीन ते!’’ वाद तेवढ्यापुरता मिटतो, पण प्रश्न तसाच राहतो. गेम खरंच कुणाला नेम धरून देतो का? आणि देत असेल, तर ती लबाडी म्हणायची का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. कंट्रोलर हातात घेऊन खेळणाऱ्याला बहुतेक लढाईचे गेम नेम धरायला थोडी मदत करतात. मुलं तिला ‘एम असिस्ट’ म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र इतकं सरळ नाही.

अंगठ्याची अडचण

कॉम्प्युटरवर खेळणारा माउस वापरतो. माउस जेवढा सरकवला, तेवढाच पडद्यावरचा नेम सरकतो आणि हात थांबला की नेमही थांबतो. त्यात मनगट, कोपर, खांदा अशा साऱ्या हाताची ताकद वापरता येते.

कंट्रोलरवर हेच काम एका छोट्याशा दांडीवर टेकवलेल्या अंगठ्याला करावं लागतं. शिवाय ही दांडी नेम किती सरकवायचा हे ठरवत नाही, तो किती वेगाने सरकवायचा हे ठरवते. म्हणजे दांडी ढकलून धरली की नेम फिरतच राहतो. शत्रू समोर आल्याच्या नेमक्या क्षणी ती सोडावी लागते. जरा उशीर झाला की नेम पुढे निघून गेलाच!

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली एक नियम मांडला होता. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे अचूक पोहोचायला वेळ जास्त लागतो, असा तो नियम. लढाईच्या गेममधला शत्रू लहान असतो, लांब असतो आणि वर पळतही असतो. एकट्या अंगठ्याला हे कसं झेपावं?

म्हणून गेम बनवणाऱ्यांनी मदतीचा हात पुढे केला. नेमाची फुली शत्रूवरून जाऊ लागली, की गेम तिचा वेग आपोआप कमी करतो. बैलगाडीचं चाक चिखलात शिरलं की जड होतं ना, अगदी तसं! काही गेममध्ये शत्रू बाजूला पळाला, तर फुली थोडी त्याच्या मागे ओढली जाते. आणि काहींत तर किंचित चुकलेली गोळीही लागली असं धरलं जातं.

ही युक्ती काही कालची नाही. १९९७ साली निन्टेन्डो ६४वर आलेल्या ‘गोल्डनआय’मध्येही नेम आपोआप जुळत असे. २००१ साली एक्सबॉक्सवर ‘हेलो’ आला, तेव्हा त्यातली मदत इतकी बेमालूम होती, की आपलाच नेम सुधारला असं अनेकांना वाटलं.

अंगणातलं ‘कच्चं लिंबू’

आपल्याकडे मुलं लपाछपी खेळताना धाकट्या भावंडाला ‘कच्चं लिंबू’ करतात. ते सापडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. याला कुणी लबाडी म्हणतं का? नाही. कारण ही सवलत खेळ सुरू होण्याआधी, सगळ्यांसमोर ठरलेली असते. तिच्यामुळेच लहानग्याला मोठ्यांबरोबर खेळता येतं.

एम असिस्टचंही तसंच आहे. ती गेम बनवणाऱ्यानेच दिलेली, सगळ्यांना ठाऊक असलेली सवलत आहे. एकाच टीव्हीसमोर चौघं बसून चार सारखे कंट्रोलर घेऊन खेळत होते, तोवर तिच्यावरून भांडण होण्याचं कारणच नव्हतं. सगळेच कच्चे लिंबू!

भांडणाला तोंड फुटलं ते पुढे. २०१८ साली ‘फोर्टनाइट’ने आणि २०१९ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’ने टीव्हीवर खेळणारे आणि कॉम्प्युटरवर खेळणारे यांना एकाच मैदानात उतरवलं. माउसवाले म्हणू लागले, ‘‘शत्रू हलला हे दिसून हात हलवायला आम्हाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तुमच्यासाठी गेम ते लगेच करतो!’’ कंट्रोलरवाल्यांचं उत्तर तयार, ‘‘तुम्हाला अख्खा हात आहे, आम्हाला फक्त अंगठा!’’

दोघांचंही खरं आहे. म्हणूनच गेम बनवणाऱ्या कंपन्या ही मदत कधी वाढवतात, कधी कमी करतात. फोर्टनाइटने २०२० साली आपली जुन्या पद्धतीची मदत काढूनच टाकली. मीठ किती घालायचं, याचा अंदाज काही पहिल्याच दिवशी येत नसतो.

खरी लबाडी इथे आहे

आता दुसरी बाजू पाहा. बाजारात काही छोट्या डब्या विकत मिळतात. त्यातली एक कंट्रोलर आणि यंत्र यांच्या मध्ये जोडली, की गोळी झाडताना बंदुकीला बसणारा झटका ती परस्पर सावरते. दुसरी एक डबी माउसलाच कंट्रोलर असल्याचं सोंग घ्यायला लावते. मग माउसची अचूकताही मिळते आणि कंट्रोलरची सवलतही. दोन्ही हातांत लाडू! समोरच्याला मात्र याचा पत्ताही नसतो.

२०२३ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी’ने अशा डब्या ओळखून कारवाई सुरू केली. त्याच वर्षी ‘रेनबो सिक्स सीज’ने तर गमतीदार शिक्षा काढली. टीव्हीवर लपून माउस वापरणारा सापडला, की त्याच्या हाताची हालचाल पडद्यावर उशिरा दिसू लागते. लबाडीचा सारा फायदाच नाहीसा होतो.

पण इथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. ज्यांची बोटं किंवा हात नीट चालत नाहीत, त्यांना नेहमीचा कंट्रोलर धरताच येत नाही. अशांसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ साली मोठ्या बटणांचा खास कंट्रोलर काढला. त्याला आपल्या सोयीचे स्विच जोडता येतात. सोनीनेही २०२३ साली तसा कंट्रोलर आणला. तरीही काही अपंग खेळाडूंचं काम बाहेरच्या जोडण्यांवाचून भागत नाही. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सवर विनापरवाना उपकरणं रोखायला सुरुवात केली, तेव्हा काळजी वाटली ती याच खेळाडूंना. चोराला अडवायला लावलेल्या कडीने घरातलंच माणूस बाहेर राहू नये, हे पाहायला नको का?

पालकांनी काय करावं?

मुलाने ‘नेम सुधारणारं’ काही मागितलं, तर पैसे देण्यापूर्वी ते नक्की काय करतं, हे त्याच्याकडूनच समजून घ्या. लबाडी पकडली गेली, तर खातं बंद होऊ शकतं. त्या खात्यावर घेतलेल्या वस्तूही मग हाती लागत नाहीत.

नेम सुधारायचा तर फुकटचे उपाय पुष्कळ आहेत. गेमच्या सेटिंगमध्ये दांडीचा वेग थोडा कमी करून पाहावा. फुली जमिनीकडे न ठेवता, शत्रूचं डोकं जिथे दिसेल त्या उंचीवर आधीच धरून चालावं. म्हणजे अंगठ्याला कमी फिरावं लागतं. सरावाच्या मैदानात रोज दहा मिनिटं घालवली, तरी हात बसतो.

गेमच्या वेष्टणावरचा वयाचा आकडाही अवश्य पाहा. ‘मॉडर्न वॉरफेअर’वर युरोपात १८चा आकडा आहे. आठवीतल्या मुलासाठी तो खेळ नाही, मग नेम कितीही चांगला असो.

आणि भावंडांचं पुन्हा जुंपलं, तर ‘बंद करा’ म्हणण्याआधी एकच विचारा, ‘‘ही मदत समोरच्याला माहीत आहे का?’’ उत्तर ‘हो’ असेल, तर ती सवलत आहे. लपवावी लागत असेल, तर काय म्हणायचं ते मुलं स्वतःच सांगतील.