सही आईची, पण कधी घेतलेली?

स्टीव्ही वंडर ऐकलाय ना? १९५० मध्ये तो दिवस भरायच्या आत जन्मला, काचेच्या पेटीत ठेवला गेला आणि जास्तीच्या ऑक्सिजनमुळे त्याची दृष्टी गेली. तो एकटा नव्हता. त्या वर्षांत जगभरात सुमारे १०,००० बाळं अशी आंधळी झाली. डॉक्टर काही वाईट नव्हते. ऑक्सिजन जितका जास्त तितका चांगला, असं सगळे धरून चालले होते. १९५३-५४ मध्ये अमेरिकेत रीतसर चाचणी झाली, तेव्हा कुठे खरं कारण पक्कं झालं.

म्हणून ‘एवढ्याशा जिवांवर कसले प्रयोग करता?’ असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. न तपासता दिलेला उपचार हाही प्रयोगच, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही.

आता प्रश्न आहे कृत्रिम गर्भाशयाचा. फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये अपुऱ्या दिवसांची कोकरं द्रवाने भरलेल्या पिशवीत चार आठवड्यांपर्यंत जगवली. पुढची पायरी माणसाची. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, त्यावर तज्ज्ञांची बैठकही घेतली. बाविसाव्या-तेविसाव्या आठवड्यात जन्मणाऱ्या बाळांना आजचे उपचार फार कमी पडतात, त्यामुळे चाचणी व्हावी असंच मला वाटतं. पण कोकरू त्या टप्प्यावर आपल्या बाळापेक्षा बरंच मोठं असतं आणि मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती माणसाच्या बाळाला जास्त. तेव्हा ‘कोकरं जगली ना’ एवढ्यावर भागणार नाही.

खरी मेख वेगळीच आहे. बाळाने पहिला श्वास घ्यायच्या आत त्याला पिशवीत न्यावं लागणार, म्हणजे बहुधा सिझेरियन. इतक्या लवकर केलेल्या सिझेरियनमध्ये बऱ्याचदा गर्भाशयाला उभा छेद घ्यावा लागतो आणि पुढच्या गरोदरपणात तो व्रण फाटण्याचा धोका राहतो. म्हणजे प्रयोग एकावर नाही, दोघांवर! आणि संमती कधी मागणार? कळा सुरू झालेल्या, घाबरलेल्या बाईसमोर मध्यरात्री कागद धरून? तेव्हा ती कशावरही सही करेल हो.

ज्यांची प्रसूती लवकर होण्याची शक्यता आधीच दिसते, अशा बायकांशी आठवडाभर तरी आधी बोलणं सुरू करा. नकार दिला तरी नेहमीचे उपचार तितकेच मनापासून होतील, हे सांगा. आणि अर्जावर आईचं नाव फक्त ‘पालक’ या रकान्यात नको, ‘चाचणीत सहभागी’ या रकान्यातही हवं.