अनवाणी पायांची कला

बंगळूरच्या छावणीत इंग्रज पलटणींनी फुटबॉलचा खेळ आणला आणि आसपासच्या वस्त्यांतील मुलांनी तो पाहता पाहता आपलासा केला. गोरे शिपाई बूट घालून खेळत. ही मुले मात्र अनवाणी. तरीही १९३७ साली ‘बंगळूर मुस्लिम्स’ या संघाने मुंबईस येऊन रोव्हर्स करंडक जिंकला. भारतीय संघाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

याच नगरीत १९२६ साली जन्मलेले अहमद खान पुढे याच संघातून खेळू लागले. चेंडू त्यांच्या उघड्या पायाशी असा खिळून राही की, प्रेक्षक त्यांना गारुडी म्हणत. १९४९ मध्ये ते कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघात गेले. वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह ही आघाडीची फळी ‘पंचपांडव’ म्हणून गाजली. १९४९ ते १९५१ अशी सलग तीन वर्षे आय. एफ. ए. शील्ड या संघाकडेच राहिली.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या भारतीय संघाने फ्रान्सला अखेरपर्यंत झुंजविले. दोन पेनल्टी वाया गेल्या, नाहीतर १-२ हा निकाल कदाचित वेगळा लागला असता. भारताचा एकमेव गोल बंगळूरच्याच रामन यांचा होता. अनवाणी पायांचे कौतुक झाले आणि त्या कौतुकातच आपण संतुष्ट राहिलो.

चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीच्या थंडीत गाठ पडली ती युगोस्लाव्हियाशी. त्या स्पर्धेत पुढे रौप्यपदक मिळविणाऱ्या या संघाने आपल्यावर दहा गोल चढविले. गारठलेल्या अनवाणी पायांना ते मैदान मानवले नाही. तशाही स्थितीत, सामना सर्वस्वी हातचा गेलेला असताना, शेवटच्या क्षणी भारताचा एक गोल झाला. तो अहमद खान यांचा होता.

या पराभवानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. गोव्यात जन्मलेल्या नेव्हिल डिसोझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. भारताने उपांत्य फेरी गाठली आणि अखेर चौथे स्थान मिळविले. त्या संघात अहमद खान नव्हते.

२०१७ मध्ये बंगळूर येथेच त्यांचे निधन झाले. अनवाणी खेळण्यात त्यांचे थोरपण नव्हते; थोरपण होते ते त्या पायांनी कमावलेल्या कौशल्यात. अंगचा गुण कितीही थोर असो, त्याला साधनांची जोड न देता त्याच्याच भरवशावर राहणे हा त्या गुणावरच अन्याय होय. आपल्या घरातील मुलामुलींना एखाद्या कलेची वा खेळाची ओढ दिसली, तर नुसत्या शाबासकीवर न थांबता त्यांना हवे ते साधन वेळीच मिळवून द्यावे.