भाव ठरला म्हणजे धंदा झाला?
(बी. ए. भाग २)

तेंदूचा हंगाम जवळ आला की आलापल्लीत चर्चा एकाच गोष्टीची : यंदा भाव काय? जणू भाव ठरला म्हणजे धंदा झाला! मला हे पटत नाही.

हा धंदा मे महिन्यात सुरू होत नाही. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांच्या छाटणीपासून सुरू होतो. छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने चांगले पान येते. ते पहाटे तोडायचे, घरी ७०-७० पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. असे १००० पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. पुढे वाळवणे, उलटणे, पाणी शिंपडून पोत्यात भरणे. त्याआधी पावसाने गाठले तर पान खराब. छाटणीची मजुरी वाचवण्यासाठी जंगलाला आग लावणारेही आहेत. पालवी फुटते खरी, परंतु त्याच आगीत मोहाची रोपे आणि बांबूचे कोंब जळतात. एका खात्यात वाचवलेला पैसा दुसऱ्या खात्यात बुडाला, तर त्याला बचत कशी म्हणावी?

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. बांबू आपला, विकण्याचा हक्क आपला, आणि गाडी मात्र नाक्यावर अडणार!

आता पेसा आणि वनहक्क कायद्यामुळे आपल्या जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करतात. भाव ठरवायला सारा गाव जमतो. पैसे कधी मिळणार, नोंदवही कोण लिहिणार, हे विचारणारे थोडेच. एका वर्षी भाव चांगला होता, तरी आमच्या घरचे पैसे दिवाळी उलटल्यावर आले. कॉलेजची फी मात्र जूनमध्येच भरायची होती.

माझे मत असे की, पैसे चुकते झाल्याखेरीज गोदामातून पोते हलू देऊ नये, आणि फळीची नोंदवही गावातल्याच शिकलेल्या मुलामुलींनी लिहावी. ‘हे वाणिज्य शाखेचे काम,’ असे वर्गातले काही मित्र म्हणतात. असो. माझ्या आईला दिवसाचे पुडे तोंडपाठ असतात, पण मुन्शीने वहीत काय लिहिले ते तिला वाचता येत नाही. आमच्या घरात ते वाचणारी मीच पहिली.

हा विषय छाटणीपूर्वीच्या ग्रामसभेतच निघायला हवा. मे महिन्यात बोलून उपयोग नाही. तेव्हा सगळे जंगलात असतात.