पैशाची मोजदाद होते, माणसांची कोण करणार?

९ जानेवारी १९१५ रोजी मोहनदास करमचंद गांधी दक्षिण आफ्रिकेहून परतून मुंबईच्या किनाऱ्यावर उतरले. त्या दिवसाची आठवण म्हणून भारत सरकारने २००३ पासून ‘प्रवासी भारतीय दिवस’ साजरा करण्यास आरंभ केला. तारीख सरकारने अचूक निवडली. तिचा अर्थ मात्र सोयीस्करपणे बाजूला ठेवला. परदेशात कमावलेली पुंजी गाठीला बांधून गांधी परतले नव्हते. गिरमिटिया मजुरांवर लादलेल्या तीन पौंडांच्या कराविरुद्ध १९१३ साली नाताळमधील खाणी आणि उसाचे मळे ज्यांनी बंद पाडले, त्या मजुरांच्या लढ्याची शिदोरी घेऊन ते परतले होते. आज त्यांच्या नावाने भरणाऱ्या सोहळ्यात व्यासपीठ असते उद्योगपतींचे आणि भांडवल घेऊन येऊ शकणाऱ्या पाहुण्यांचे. त्या गिरमिटियाचा आजचा वारस, म्हणजे खेड, चिपळूण, दापोली, राजापूर या तालुक्यांतून आखातात गेलेला वेल्डर, ड्रायव्हर, सुतार किंवा आचारी, त्या सभामंडपात शोधूनही सापडत नाही.

तो कोठे असतो? दिवसभराच्या कामानंतर तो आपल्या खोलीत असतो. एका खोलीत सहा-आठ माणसे, एकावर एक खाटा, कोपऱ्यात चूल आणि पाळीपाळीने शिजणारा भात. तेथे आठवड्याच्या सुट्टीच्या संध्याकाळी ज्या गोष्टी चालतात त्या कोणाही समाजशास्त्रज्ञाने एकदा कान देऊन ऐकाव्यात. आज रुपयाचा भाव काय झाला आणि पैसे आज पाठवावेत की चार दिवस थांबावे? कोणाचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत अडकला आहे? कोणाच्या अकाम्याची, म्हणजे वास्तव्याच्या परवान्याची, मुदत संपत आली आहे आणि मालक पैसे भरत नाही? मे महिन्यात विमानाचे भाडे किती चढेल? जास्तीच्या तासांचे पैसे या महिन्यात तरी मिळतील काय? एजंटाचे कर्ज किती फिटले? गावी विहिरीचे पाणी आटले का, आईचे डोळ्यांचे ऑपरेशन केव्हा, मुलाची फी भरली का, घराचा स्लॅब पावसाआधी पडेल का? ऐंशीच्या दशकात हीच विचारपूस कॅसेटवर आवाज भरून गावी जाणाऱ्याच्या हाती पाठवली जाई; आता ती मोबाइलवर होते. साधन बदलले, काळजी तीच राहिली.

या गोष्टींना आपल्याकडे ‘घरगुती गप्पा’ समजले जाते. वृत्तपत्रांना त्यांत बातमी दिसत नाही, विद्यापीठांना विषय दिसत नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की कामगारांच्या नावाने चालणाऱ्या चळवळीलाही त्यांत राजकारण दिसत नाही. वास्तविक वरील प्रश्नांची यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी. जास्तीच्या तासांचे पैसे हा वेतनाचा प्रश्न आहे. अडकवलेला पासपोर्ट हा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे. आठ माणसांची खोली हा निवाऱ्याचा, एजंटाचे कर्ज हा सावकारीचा, आणि आटलेली विहीर हा कोकणच्या विकासाचा प्रश्न आहे. खोलीतली ती गप्पाष्टके म्हणजे कोणी लिहून न घेतलेले मागणीपत्रच होय.

रत्नागिरीला तर हे समजण्यास अडचण पडू नये. हा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे बाहेर पाठवीत आला आहे. दाभोळ, बाणकोट, जयगड या खाड्यांकाठच्या गावांतून खलाशी बोटींवर गेले; डोंगराकडच्या गावांतून तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. या आकड्यावरून स्त्री-सन्मानाचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही पाहावे की २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. स्त्रिया अधिक आहेत याचे मोठे कारण पुरुष घरी नाहीत हे आहे.

मुंबईला गेलेल्या चाकरमान्याची कहाणी चळवळीला पाठ आहे. तोही गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहत असे, खानावळीत जेवत असे, मनीऑर्डरीची, पगाराची आणि मुकादमाच्या जाचाची चर्चा करीत असे. फरक एवढाच की त्या खोल्यांच्या दारावर कोणीतरी जाऊन थाप मारली. त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि १९२८ साली सहा महिन्यांचा संप झाला. चाकरमान्याला गावी जाण्यास आगगाडी नाही, ही तक्रारही मुळात खोलीतलीच. नाथ पै आणि मधु दंडवते यांच्यासारख्यांनी तिला संसदेत वाचा फोडली, १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ च्या २६ जानेवारीस संपूर्ण मार्ग खुला झाला. तक्रारीची मागणी होते तेव्हाच डोंगरातून बोगदे निघतात.

आखातातल्या खोलीच्या दारावर अशी थाप मारण्यास मात्र कायदा आडवा येतो. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीत कामगार संघटनेला मुभाच नाही. त्यावर कफालतीची पद्धत: कामगाराचा परवाना त्याच्या कफिलाशी, म्हणजे पुरस्कर्त्या मालकाशी, बांधलेला. परवान्याचे नूतनीकरण करायचे मालकाने. ते न झाल्यास पोलिसांच्या हाती सापडतो तो कामगार. काही देशांनी ही गाठ अलीकडे थोडी सैल केली हे खरे. कतारने २०२० मध्ये मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मोकळीक दिली. पण कुवेतने १ जुलै २०२५ पासून खाजगी क्षेत्रातील परदेशी कामगाराला देशाबाहेर पडण्यापूर्वी मालकाची परवानगी आवश्यक केली. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला तरी आधी साहेबाची मान हलली पाहिजे. यालाच जर मुक्त श्रमाचा बाजार म्हणायचे तर मुक्त या शब्दाचा अर्थ नव्याने शिकावा लागेल.

आणि ती खोली! १२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या वसतीच्या इमारतीला आग लागली. झोपेत असलेली पन्नासच्या आसपास माणसे गेली. त्यांपैकी बहुतेक भारतीय होती. शोकसंदेश निघाले, मृतदेह आणण्यासाठी वायुदलाचे विमान गेले. परंतु त्या दिवसापूर्वी अशा किती खोल्यांची पाहणी भारताच्या दूतावासांनी केली, हा प्रश्न विमान परतल्याबरोबर मिटला. मेलेल्या कामगारासाठी विमान धाडणारे राज्य जिवंत कामगाराच्या खोलीत डोकावत नाही.

आता पैशाची बाजू पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी ११८.७ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. त्यांपैकी सुमारे ३८ टक्के आखाती देशांतून आले. राज्यवार वाट्यात महाराष्ट्र २०.५ टक्क्यांनी पहिला, केरळ १९.७ टक्क्यांनी दुसरा. महाराष्ट्राच्या वाट्यात मुंबईच्या सुस्थित वर्गाचा आणि अमेरिकेतील पगारांचा मोठा भाग आहे हे मान्य करूनही प्रश्न उरतोच. केरळने १९९६ मध्ये प्रवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते काढले, २००८ मध्ये त्यांच्या कल्याणनिधीचा कायदा केला, परतलेल्यांना निवृत्तिवेतन लागू केले. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ पासून स्थलांतराच्या पाहण्यांची मालिका चालवली, त्यामुळे कोणत्या जिल्ह्यातून किती माणूस कोठे गेला हे तेथे समजते. महाराष्ट्राने या तोडीचे काहीही उभारलेले नाही. येथे डॉलर दशांशापर्यंत मोजले जातात आणि माणसे वाऱ्यावर सोडली जातात.

केंद्राचा कायदा १९८३ चा. त्यानुसार दहावी न झालेल्याने आखातात नोकरीस जाताना परवानगी घ्यावी लागते व १० लाखांचा विमा उतरावा लागतो. जो दहावी झाला, तो तेथे जाऊन विटा उचलणार असला तरी या संरक्षणाबाहेर! परदेशी नोकरीस पाठवणाऱ्या एजंटाने घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावी बसलेला बिनपरवान्याचा दलाल त्याच्या कित्येक पट उकळतो, आणि ती रक्कम बायकोचे दागिने गहाण टाकून उभी राहते. नव्या कायद्याचे मसुदे २०१९ व २०२१ मध्ये निघाले, २०२५ मध्ये आणखी एक निघाला. त्यांवर रत्नागिरीच्या कोणत्या चावडीवर चर्चा झाली?

परीक्षेची वेळ आली २०२० साली. टाळेबंदीत कामे गेली, थकलेले पगार बुडाले, सेवासमाप्तीची रक्कम न घेताच माणसे निघाली. संकटातल्या प्रवाशांसाठी २००९ पासून एक कल्याणनिधी आहे आणि तो दूतावासांतील सेवांवर याच लोकांकडून घेतलेल्या शुल्कातून भरतो. तरीही सरकारी मोहिमेच्या विमानांत कामगारांना तिकीट पदरमोड करूनच काढावे लागले. त्यावर कडी म्हणजे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सरकारने आखातातील भरतीसाठी ठरवलेली किमान वेतनाची पातळी ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणली. आपल्याच नागरिकाचे श्रम आपल्याच सरकारने स्वस्त करून विकायला काढले! मजूर स्वस्त झाला नाही तर मालक दुसऱ्या देशातून आणील, हे त्याचे समर्थन. तेलंगणातील प्रवासी कामगारांच्या संघटनेने या निर्णयास उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २०२१ मध्ये सरकारला जुनी पातळी पुन्हा आणावी लागली. ही लढाई दुबईत झाली नाही, रियाधमध्ये झाली नाही. ती हैदराबादेत झाली. संघटना तेथे करता येत नसेल तर ती येथे करता येते, हा तिचा धडा. तो रत्नागिरीत का गिरवला गेला नाही?

याची उत्तरे तीन दिली जातात आणि तिन्ही खोटी आहेत.

पहिले उत्तर: ते स्वखुशीने गेले. गिरणीत तरी कोणाला बेड्या घालून नेले होते? ज्या गावात पावसाळी भातशेतीनंतर आठ महिने हाताला काम नाही, तेथली स्वखुशी ही उपाशी माणसाने जेवणाचे ताट निवडावे तशी असते.

दुसरे उत्तर: ते आता पैसेवाले झाले, गावात बंगले उठले. रंगवलेला बंगला दिसतो, पण पंचवीस वर्षांत दोन-दोन महिन्यांच्या सुट्ट्यांपुरताच त्यात राहिलेला मालक दिसत नाही. बापाला पाहुणा समजणारी मुले आणि अख्खा प्रपंच एकटीने ओढणारी त्याची बायको दिसत नाही. कामगाराने घर बांधले की तो कामगार राहत नाही, हे तत्त्वज्ञान मालकांना शोभते, चळवळीला नव्हे.

तिसरे उत्तर उघड बोलले जात नाही, कुजबुजले जाते. रत्नागिरीतून आखातात गेलेल्यांत कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने आहेत, म्हणून त्यांच्या पैशाकडे संशयाने आणि त्यांच्या प्रश्नाकडे ‘त्यांचा प्रश्न’ म्हणून पाहिले जाते. हे विष आहे, आणि त्याचा प्रतिकार नाव घेऊन केला पाहिजे. त्याच कॅम्पात कुणब्याचा मुलगा खालच्या खाटेवर आणि मुसलमानाचा मुलगा वरच्या खाटेवर झोपतो; दोघांचेही पासपोर्ट एकाच तिजोरीत असतात. कफील धर्म पाहून पगार बुडवीत नाही.

पण ही मागणी करताना आरसाही पाहावा लागेल. रत्नागिरीच्या हापूसच्या बागांत आज राखणीला कोण आहे? मच्छीमार नौकांवर जाळी कोण ओढतो? नेपाळहून आलेला मजूर. बागेतल्या झोपडीत तो वर्षाचे कित्येक महिने काढतो, बहुतेक वेळा ना हजेरीपट ना विमा. ज्या घराचा मुलगा कुवेतमध्ये कफिलाच्या नावाने बोटे मोडतो, त्याच घराच्या बागेत असा रखवालदार असू शकतो. कुवेतमध्ये जो हक्क मागायचा तो रत्नागिरीच्या बागेत आणि बंदरात आधी द्यावा लागेल. नाहीतर ती मागणी हक्काची न राहता आपल्या माणसापुरत्या सवलतीची होईल.

मग काम कोणते? राज्याने केरळच्या धर्तीवर प्रवासी कामगारांचा कायदा व निधी करावा. परदेशी नोकरीस जाणाऱ्या प्रत्येकाची, मग तो दहावी असो वा नसो, जिल्ह्यात नोंद व्हावी, त्याच्या कराराची मराठी प्रत त्याच्या हाती पडावी आणि दलालांवर जिल्हा प्रशासनाची नजर असावी. बुडालेल्या पगाराचा दावा गावी परतल्यावर चालवता येईल अशी कायदेशीर मदत मिळावी. प्रवासी कामगारांच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही करावी. मतदानाचा अधिकार खरा व्हावा. २०११ पासून परदेशस्थ नागरिकांची मतदार म्हणून नोंद होऊ लागली, पण मत द्यायचे तर गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहण्याची अट राहिली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात असे सुमारे १ लाख १९ हजार मतदार नोंदले गेले. मत देऊ शकले तीन हजारांहूनही कमी. ज्याचे मत पडत नाही त्याच्या खोलीची चौकशी कोण करील?

परंतु हे सारे आपोआप होणार नाही आणि निवेदनांनीही होणार नाही. मे महिन्यात सुट्टीवर आलेली माणसे गावोगाव असतात. परत आलेली, थकलेली माणसे तर बारमाही असतात. त्यांच्या बायका व आया बँकेच्या रांगेत रोज भेटतात. कार्यकर्त्यांनी त्यांच्या पडवीत जाऊन बसावे आणि भाषण न करता ऐकावे. कोणाचा पगार किती थकला, कोणत्या दलालाने किती घेतले, कोणाचा पासपोर्ट कोठे आहे हे वहीत लिहून घ्यावे. अशा शंभर वह्या भरल्या की जिल्ह्याच्या कचेरीवर नेण्यासाठी वेगळे मागणीपत्र लिहिण्याची गरज उरणार नाही.